कलबुतांच्या खोलीतली रिकामी खुंटी

१

जेवून सगळे परत आले तेव्हा कारखान्याचं दार आतून बंद होतं.

सकाळी याच दारात उभं राहून मालकिणीने एकेकाचं हसून स्वागत केलं होतं. आता तिने दार उघडलं, बारा विद्यार्थी, त्यांचे सर आणि सर्वांत मागे रेकॉर्डबाई अशा चौदा जणांना आत घेतलं, बोटाने मोजलं आणि कडी पुन्हा लावली. मग इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली की वरच्या मजल्यावरची एक जोडी जागेवर नाही. सकाळी होती. तुम्ही येऊन गेल्यावर नाही.

रेकॉर्डबाईंनी पुन्हा एकदा मुलं मोजली.

त्या या दौऱ्यावर खरं तर ऐनवेळी आलेल्या होत्या. व्यवसाय-व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाची ही मुलं दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर परदेशी आली होती. चार छोटे कारखाने बघायचे, मोठ्या कंपन्यांच्या रेट्यात ते तग कसे धरून आहेत हे विचारायचं, आणि घरी गेल्यावर अहवाल लिहायचा. गटात पाच मुली, म्हणून एक बाईमाणूस सोबत हवं असा कॉलेजचा नियम. ज्या प्राध्यापिका येणार होत्या त्यांचा महिनाभर आधी पाय मोडला, आणि पासपोर्ट तयार असलेली कॉलेजातली दुसरी बाई म्हणजे रेकॉर्ड रूम सांभाळणाऱ्या या. लेकीच्या बाळंतपणाला जायचं म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी पासपोर्ट काढला होता. जाणं झालं नाही, पासपोर्ट मात्र कपाटात नीट राहिला. सव्वीस वर्षं जुन्या फायलींत काढलेल्या या बाईंना मुलं तोंडावर नुसतं बाई म्हणत आणि माघारी रेकॉर्डबाई. त्यांना दोन्ही माहीत होतं.

कारखाना बुटांचा होता, पण दुकानात मिळतात तसल्या बुटांचा नव्हे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं गेलेली, कुणाची टाच जन्मापासून आत वळलेली. अशा पायांसाठी इथे बूट शिवत. त्यासाठी आधी त्या माणसाच्या पायाबरहुकूम लाकडाचं कलबूत कोरायचं आणि त्यावर चामडं ताणून बूट शिवायचा. वरच्या मजल्यावर अशी चार हजार कलबुतं जोडीजोडीने खुंट्यांवर टांगलेली होती. सकाळी त्या खोलीत शिरल्यावर मुलांची बडबड आपोआप थांबली होती.

गेलेली जोडी त्यांतली सर्वांत महत्त्वाची. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांसाठी दोन वर्षं खपून केलेला तो नमुना होता. चार दिवसांनी तो एका मोठ्या इस्पितळात जायचा होता, आणि पसंत पडला तर त्यावरून लहानमोठ्या मापांत शेकडो बूट निघणार होते. चाळीस माणसांच्या या कारखान्याची पुढची कितीतरी वर्षं त्या जोडीवर अवलंबून होती. जोडीबरोबर तिचं मापाचं कार्डही ड्रॉवरमधून नाहीसं झालं होतं.

वर एकटं कोण गेलं होतं, असं मालकिणीने विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग मागे उभ्या असलेल्या एका उंच मुलाने हात वर केला. वही वर राहिली होती, ती आणायला जेवणाच्या सुट्टीच्या सुरुवातीला गेलो होतो, असं तो म्हणाला. पाचेक मिनिटं.

मालकिणीच्या हातात कॉलेजने पाठवलेली यादी होती. नाव, वय, घरचा व्यवसाय. तिचं बोट यादीवरून खाली सरकलं आणि एका ओळीशी थांबलं.

"वडिलांचा बुटांचा कारखाना," तिने वाचलं.

२

मुलं त्याला पहिल्या वर्षापासून कारखानदार म्हणत. आता ती हाक मारायला कुणाची जीभ रेटेना.

सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या गेल्या. काही निघालं नाही. पण त्याला अर्थ नाही, असं मालकीण म्हणाली, आणि तिचंही खरं होतं. कारखानदार पिशवी घेऊन तासभर बाहेर होता. सकाळी आत येतानाच सगळ्यांचे फोन दाराशी ट्रेमध्ये ठेवून घेतले होते, त्यामुळे नमुना कुणाला हवा असेल तर फोटो काढायची सोय नव्हती. उचलून न्यायलाच हवा होता. तिने उद्या दुपारी बारापर्यंतचा वेळ दिला. तोवर जोडी परत आली तर विषय संपला. नाही आली तर पोलीस, आणि कॉलेजला पत्र.

 हा दौरा सरांनी तीन वर्षं पत्रव्यवहार करून जुळवून आणला होता. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की मुलाने कबूल करून एका कागदावर सही दिली तर प्रकरण इथल्या इथे मिटेल, त्याला उद्याच्या विमानाने घरी पाठवता येईल आणि बाकीच्या अकरा जणांचं नुकसान टळेल. बाईंनी विचारलं, त्याने घेतलेलीच नसेल तर? सर म्हणाले, मग तो एवढा गप्प का?

तो गप्प होता हे खरंच होतं. रागावला नव्हता, रडकुंडीला आला नव्हता, मी नाही घेतली असं एकदा म्हणून मान खाली घालून बसला होता.

बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली. जेवायला निघताना सर पंधरा मिनिटं मागे राहिले होते, ते कुठे? सरांचा चेहरा लाल झाला. बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी सांगितलं की आपले तळवे सपाट आहेत, वीस वर्षं टाचा दुखतात, म्हणून खाली पॅकिंगच्या खोलीत एका कामगाराकडून पायांचं माप देत बसलो होतो. कृपा करून मुलांना सांगू नका. बाईंनी त्या कामगाराला विचारलं, त्याने पावलांचा कागदच काढून दाखवला. सर सुटले.

मग बाईंनी मालकिणीकडे वरची खोली बघायची परवानगी मागितली. आपल्याला धंद्यातलं काही कळत नाही, पण हरवलेल्या कागदांत आयुष्य गेलंय, असं त्या म्हणाल्या. मालकीण थोडी हसली. दिवसभरातलं तिचं ते दुसऱ्यांदा हसणं.

खोलीत खिडकीजवळच्या स्टुलावर थोरले कारागीर बसले होते. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, चामड्याचा एप्रन घातलेले. मालकिणीच्या वडिलांबरोबर त्यांनी हा कारखाना उभा केला होता आणि ती त्यांना काका म्हणत असे. गेलेली जोडी त्यांच्याच हातची. आपण त्या वेळी मागच्या अंगणात जेवत होतो, कुणाला पाहिलं नाही, एवढंच ते बोलले. बाईंनी पर्समधून विद्यार्थ्यांच्या फोटोंचा कागद काढला, पासपोर्टच्या फोटोंसारखे बारा चेहरे, आणि सकाळी तुमच्याजवळ यांतलं कोण जास्त वेळ उभं होतं असं विचारलं. कारागिरांनी कागद हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ खाली बघितलं आणि सगळी मुलं सारखीच दिसतात असं म्हणून परत दिला. कागद पर्समध्ये ठेवताना बाईंच्या लक्षात आलं की आपण तो घाईत उलटा दिला होता, सगळ्या चेहऱ्यांच्या हनुवट्या वर अशा स्थितीत, आणि त्यांनी तो फिरवला नव्हता.

मग त्या ड्रॉवरकडे वळल्या. कार्डांचं कपाट बघून त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. फक्त अक्षरं परकी. रचना कशी असते ते त्यांनी मालकिणीकडून समजून घेतलं. खुंटीला नंबर असतो, पण कार्डं नंबराने लावलेली नव्हती. ज्या साली, ज्या महिन्यात पहिलं माप घेतलं, त्या कप्प्यात कार्ड. नंबरावरून साल शोधायचं तर एक नोंदवही होती, आणि ती मालकिणीच्या खोलीत, कुलपात. नमुन्याचं काम दोन वर्षांपूर्वी सुरू झालं म्हणून त्याचं कार्डही दोन वर्षांपूर्वीच्या कप्प्यात होतं, अधेमधे कुठेतरी.

मालकिणीने कप्पा ओढून रिकामी जागा दाखवली. तिथे निळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी उभी होती. तशा पट्ट्या इतर कप्प्यांतही इथे तिथे दिसत होत्या, त्यांवर पेन्सिलीने नावं लिहिलेली. ही कोरी होती. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, या कशाला? कार्ड कामासाठी बाहेर काढलं की त्या जागी पट्टी ठेवायची, आमच्या वडिलांची शिस्त, असं मालकिणीने दुसरीकडे बघतच सांगितलं.

बाईंनी कप्पा हळूच आत ढकलला. स्टुलावरच्या माणसाने या वेळात एकदाही मान वळवली नव्हती.

३

संध्याकाळी मुक्कामाच्या जागी, खालच्या मोठ्या बैठकीच्या खोलीत, मुलं दोन-तीनच्या घोळक्यांत बसली होती. कारखानदाराच्या आसपासच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

बाईंशेजारी येऊन बसली ती प्रश्नावली. प्रत्येक ठिकाणी शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं की हिचा हात वर, म्हणून ते नाव. फोन काढून घेतल्यामुळे सकाळी तिने वहीत पेन्सिलीने चित्रं काढली होती, आणि ती दाखवू की नको या विचारात तिची दुपार गेली होती.

चित्र साधंच होतं. खिडकी, स्टूल, स्टुलावर थोरले कारागीर, आणि त्यांच्यापुढे वाकून उभा कारखानदार. त्याच्या हातात एकच कलबूत होतं, डाव्या पायाचं. त्याचा अंगठा टाचेवर होता. बाकीची मुलं पलीकडच्या फळीकडे गेली तरी तो तिथेच थांबला, असं तिने सांगितलं. काहीतरी हळूच बोलला. तोवर म्हातारबुवा छान हसून बोलत होते, त्यानंतर हसले नाहीत.

"तो चोर नाही, बाई," प्रश्नावली म्हणाली. "पण तो खोटं बोलतोय."

"कशावरून?"

तिने कारण सांगितलं. वरच्या मजल्यानंतर सगळे शिवणखात्यात गेले, मग तळमजल्यावर पॅकिंगला. पॅकिंगच्या ठिकाणी माल कसा बाहेर पडतो त्याची आकृती फळ्यावर काढली होती. ती नीट दिसत नव्हती म्हणून कारखानदाराने तिच्या वहीवरून उतरवून घेतली. म्हणजे स्वतःच्या वहीत. म्हणजे वही त्याच्याजवळच होती.

बाई उठल्या आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. वही मागितली. त्याने मुकाट्याने दिली. त्यांनी पानं उलटली. वरचा मजला, शिवण, पॅकिंग, सलग, एकाच पेनाने, एकही पान न सोडता. आकृतीही होती. तो जिन्याने पुन्हा वर गेला तो त्यानंतर.

त्यांनी वही मिटून त्याच्या मांडीवर ठेवली आणि तू वही आणायला गेला नव्हतास, असं शांतपणे म्हटलं. त्याने नाकारलं नाही. मग कशाला गेला होतास?  वर कोणी होतं? यावर तो चटकन नाही म्हणाला, जरा जास्तच चटकन.

"अरे, उद्या तुला पोलिसांसमोर उभं करतील," बाई म्हणाल्या. "घरी आईवडील आहेत तुझे. काय सांगू मी त्यांना?"

तो वहीच्या कोपऱ्याशी चाळा करू लागला.

"सरांनी कागद तयार केलाय ना?" तो म्हणाला. "उद्या मागितली तर मी सही करतो, बाई. पण याहून जास्त मला विचारू नका."

४

सकाळी साडेआठला कारखाना उघडला तेव्हा रेकॉर्डबाई दारात एकट्या उभ्या होत्या. मालकीण यायची होती. पॅकिंगवाल्याने त्यांना ओळखून आत घेतलं. त्या थेट वर गेल्या.

थोरले कारागीर स्टुलावर होते. पायाशी कापडी पिशवी. बाईंनी दुसरं स्टूल ओढलं. कारागिरांनी तरुणपणी बोटींवर काही वर्षं काम केलं होतं, इंग्रजी तिथलं. बाईंचं इंग्रजी ऑफिसातल्या पत्रांचं. दोघांचंही बेतास बात, त्यामुळे कुणाला लाजायचं कारण नव्हतं.

बाईंनी आपल्या रेकॉर्ड रूमबद्दल सांगायला सुरुवात केली. फाइल हरवली की माणसं आधी चोरी म्हणतात. बहुतेकदा ती चोरी नसते. कुणीतरी आपलं काहीतरी झाकायला ती बाजूला ठेवलेली असते. आणि ते कोण, हे गेलेल्या फाइलवरून कळत नाही, मागे उरलेल्या जागेवरून कळतं.

"परक्या माणसाला चार हजार कार्डांतून एक कार्ड पाच मिनिटांत सापडणार नाही," त्या म्हणाल्या. "अक्षरं वाचता येत नसताना तर नाहीच. नोंदवही तर कुलपात होती. ज्याला कार्डाची जागा पाठ आहे त्यानेच ते काढलं."

कारागीर ऐकत होते.

"अशी दोन माणसं आहेत, तुम्ही आणि मालकीण. मालकिणीला स्वतःच्याच नमुन्याची चोरी करून काय मिळणार? आणि दुसरं. जागेवर पट्टी होती. घाईत कार्ड पळवणारा पट्टी कशाला ठेवेल? ती ठेवली हाताने. पन्नास वर्षांच्या सवयीने. मीही ठेवली असती, मला कळलंही नसतं."

खाली कुणीतरी शिवणयंत्र सुरू केलं. कारागिरांनी एप्रनवर हात पुसले, पुसण्यासारखं काही नसताना.

बाई पुढे बोलल्या, पण आता आवाज उतरला होता. काल तुम्हाला फोटोंचा कागद उलटा दिला, तुम्ही तो तसाच बघितलात. त्या मुलाने डाव्या कलबुताच्या टाचेवर अंगठा ठेवला आणि तुमचं हसू थांबलं. तो नंतर पुन्हा वर आला ते वहीसाठी नव्हे. तुम्ही दोघंही म्हणता की वर कुणी नव्हतं. दोघांनी एकच खोटं बोलायचं ठरवलंय, आणि त्यातल्या एकाला आज त्यासाठी चोर व्हावं लागणार आहे.

"डोळे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दीड वर्ष," कारागीर म्हणाले. "मधलं दिसत नाही. कडा दिसतात."

बोलायला सुरुवात झाली तसं ते थांबले नाहीत. हातांना सगळं येतं, डोळ्यांची गरज नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. साध्या जोड्यांना ते चालूनही गेलं. नमुन्याची डावी टाच मात्र बाहेरच्या बाजूला कलली, तीन मिलिमीटर. त्यांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही, कारण त्यांचं काम पुन्हा तपासायची इथे पद्धत नव्हती. ज्याचा पाय शाबूत आहे त्याला असा बूट टोचला असता, त्याने लगेच तक्रार केली असती. पण हा बूट बधिर पायांसाठी. तो चावला तरी माणसाला कळणार नाही, जखम चिघळेपर्यंत कळणार नाही. आणि अशा शेकडो जोड्या.

काल सकाळी त्या मुलाने कलबूत हातात घेतलं आणि हलक्या आवाजात म्हटलं, ही टाच बघा जरा. जेवणाच्या सुट्टीत तो परत आला, कारण चारचौघांत त्याला पूर्ण बोलायचं नव्हतं. त्याने हात धरून दाखवलं. कारागिरांनी त्याच्याकडून वचन घेतलं की कुणाला सांगायचं नाही, मी दोन दिवसांत घरी नेऊन दुरुस्त करतो. तो गेल्यावर त्यांनी जोडी आणि कार्ड पिशवीत घातलं. तासाभरात मालकिणीने रिकामी खुंटी बघितली, आणि काय झालं हे त्यांना उमगेपर्यंत दाराला कडी लागली होती.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"आता बोलतो, आता बोलतो म्हणत संध्याकाळ झाली."

"दुरुस्त झाली?"

कारागिरांनी मान हलवली. काल घरी तीन वेळा कानस हातात घेतली आणि तीन वेळा खाली ठेवली, असं ते म्हणाले. लाकूड एकदा गेलं की परत लावता येत नाही.

जिन्यावर मालकिणीची पावलं वाजली. बाई उठल्या. दहा वाजता सगळी मुलं खाली येतील, एवढंच त्या म्हणाल्या. मी कुणाला काही सांगणार नाही. दहापर्यंत.

५

दहाला मुलं आली, सर आले. सरांच्या खिशात तो कागद होता आणि खिशावर हात होता. मालकीण पॅकिंगच्या टेबलामागे उभी राहिली. कारखानदार न सांगता पुढे झाला.

बाई जिन्याकडे बघत होत्या. पाच मिनिटं गेली. मालकिणीने घड्याळाकडे पाहिलं. सरांनी कागद बाहेर काढून टेबलावर पसरला, पेन काढलं. कारखानदाराने पेन घेतलंही.

बाईंच्या मनात आलं की आपण चुकलो. म्हाताऱ्या माणसाची लाज राखायला गेलो आणि पोराचं वाटोळं करायला निघालो. त्यांनी पेन धरायला हात पुढे केला, तेवढ्यात वरून कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत, कोणीतरी खाली येताना ऐकू आलं.

कारागिरांनी पिशवी टेबलावर ठेवली, जोडी बाहेर काढली, तिच्याशेजारी कार्ड ठेवलं. मग मालकिणीशी आपल्या भाषेत बोलू लागले. कुणालाच शब्द कळत नव्हते, तरी सगळे ऐकत होते. शिवणखात्यातली दोनचार माणसं दारात येऊन थांबली. बोलता बोलता त्यांनी एकदा डोळ्यांकडे हात नेला आणि एकदा त्या मुलाकडे.  त्यांचं बोलणं संपल्यावर मालकिणीने डावं कलबूत उचललं, उजेडात धरलं, टेबलावर उभं केलं आणि खाली वाकून टाचेकडे पाहत राहिली. बाहेरच्या बाजूला कललेलं आता बाईंनाही दिसलं. सकाळी नुसतं ऐकलेलं, आता समोर उभं होतं.

तिने कारखानदाराला विचारलं, तुला हे दिसलं, तू मला का नाही सांगितलंस? काल सगळ्यांसमोर मी तुला चोर ठरवलं तेव्हा तरी?

त्याने आधी सरांकडे, मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी मानेने होकार दिला.

"आमच्या घरी आजोबा कलबुतं करायचे," तो सांगू लागला. "त्यांचे डोळे अधू झाले, एक माल परत आला. बाबांनी त्यांना सगळ्या कामगारांसमोर सांगितलं. बाबांचं चूक नव्हतं, माल खराबच होता. पण आजोबा त्या दिवशी जे घरी आले ते पुन्हा कारखान्याची पायरी चढले नाहीत. सहा वर्षं झाली. जेवताना वाटीसुद्धा मागत नाहीत, समोर असेल ते जेवतात." तो जरा थांबला. "मला वाटलं, इथे तसं नको व्हायला. पण ते दुरुस्त करू शकले नसते तर काय, याचा मी विचार केला नव्हता. तो करायला हवा होता."

सरांनी टेबलावरचा कागद घेतला आणि चुरगळून खिशात घातला. मग ते कारखानदाराच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. प्रश्नावलीचा हातही या वेळी वर गेला नाही.

मालकिणीने मुलाची माफी मागितली, सगळ्यांसमोर, आडपडदा न ठेवता. मग कारागिरांकडे वळून ती जे बोलली त्याचा अर्थ तिनेच नंतर इंग्रजीत सांगितला. चूक झाल्याचा आपल्याला राग नाही. दीड वर्ष एकट्याने काढलंत, आणि मी रोज तुमच्या शेजारून ये-जा करत राहिले, त्याचा आहे. आणि या मुलाच्या अंगावर ते येऊ दिलंत, त्याचा तर आहेच. कारागिरांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. नंतर मुलाचे दोन्ही हात हातात घेतले आणि तिथेच उभे राहिले.

मालकिणीने इस्पितळाला फोन लावला. दुसऱ्या खोलीत जाऊन नव्हे, तिथेच. मुलांनाही कळावं म्हणून की काय, ती इंग्रजीतच बोलली. जोडी चार दिवसांनी येणार नाही, असं तिने सांगितलं. डावी टाच चुकली आहे. ती आमच्या नव्हे, आमच्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आली. आम्हाला तीन आठवडे हवेत. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. काम हातचं जाणार का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मग त्याने काहीतरी विचारलं असावं.

"कोरणार आमचे काकाच," ती म्हणाली. "डोळे माझे असतील."

वडिलांनी पंचवीस वर्षांपूर्वी तिला हे काम शिकवायला बसवलं होतं आणि ती दोन दिवसांत ऑफिसच्या टेबलाकडे पळून आली होती, असं तिने फोन ठेवल्यावर सांगितलं. तीन आठवडे मिळाले होते. एक दिवसही जास्त नाही.

कारागीर जोडी पिशवीत घालून जिन्याकडे निघाले. मालकिणीने ऑफिसचा कोट काढून खुंटीला लावला, भिंतीवरचा एक एप्रन घेतला आणि त्यांच्यामागोमाग गेली. तिसऱ्या पायरीवर थांबून तिने कारखानदाराला वर बोलावलं. काकांचा अंगठा आणि माझे डोळे यांचं एकमेकांशी जमेपर्यंत टाच दाखवायला कुणीतरी हवं, असं ती म्हणाली.

त्याने सरांकडे पाहिलं. साडेअकराला पुढच्या कारखान्याची वेळ होती, आणि सरांनी ठरवलेल्या वेळा कधी इकडच्या तिकडे होत नसत.

"जा," सर म्हणाले.

तो दोन दोन पायऱ्या चढत गेला. बाकीची मुलं पॅकिंगच्या खोक्यांवर बसली. सर खिडकीपाशी गेले आणि आम्हाला यायला उशीर होईल, नक्की किती ते सांगता येत नाही, असं पुढच्या कारखान्याला फोन करून कळवू लागले.